जिंकण्याचा खर्च: वर्किंग्टन कॉमेट्सचा २०१८ चा मोसम

स्पीडवे या मातीवरच्या बाइक रेसच्या खेळात, ब्रिटनमधल्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, २०१८ साली वर्किंग्टन कॉमेट्स या संघाने लीग जिंकली, नॉकआउट कप जिंकला आणि शील्डही जिंकली. संघाला मोसमात जिंकण्यासारखं जे होतं ते सगळं. आणि पुढचा मोसम उजाडायच्या आत क्लबने जाहीर करून टाकलं, की २०१९ ला आम्ही संघ उतरवणार नाही.

इथे उत्तर इंग्लंडमध्ये जुन्या प्रेक्षकांपुढे हा विषय काढला की प्रत्येकाचं एक ठरलेलं उत्तर असतं: "नियमांनी खेळ मारला." माझं मत वेगळं आहे. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी खेळ काय तो सांगते, कारण आपल्याकडे पुण्या-नाशिकला मातीवरच्या बाइक रेस बघितलेल्यांनाही स्पीडवे बहुधा माहीत नसतो. लंबगोल ट्रॅक, वर बारीक फोडलेल्या दगडमातीचा थर, त्याला शेल म्हणतात. ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी बाइक. गिअर एकच. ब्रेक नाहीच. चार रायडर, चार फेऱ्या, कायम डावीकडे वळायचं. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीवर टेकवून बाइक आडवी काढायची. मिनिटभरात हीट संपते. दोन संघ, सात-सात रायडर, अशा पंधरा हीट. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा.

आता जरा हिशेब करा. एका हीटमध्ये सहा गुण वाटले जातात. पंधरा हीटचे झाले नव्वद. सामना कसाही होवो, साधारण एवढे गुण कुणाच्या तरी खात्यात जातातच. आणि इथल्या रायडरला महिन्याचा पगार नसतो, त्याला गुणामागे पैसे मिळतात. इंजिनं त्याची, ती ट्यून करून घेण्याचा खर्च त्याचा, व्हॅनही त्याचीच. दुसऱ्या लीगमधले कितीतरी जण दिवसा दुसरी कामं करतात आणि संध्याकाळी येऊन ब्रेक नसलेल्या बाइकवर बसतात.

म्हणजे घरच्या मैदानावर संघ ६०-३० असा जिंकला, तर मालकाला साठ गुणांचे पैसे मोजायचे आहेत. ४६-४४ ने जिंकला असता तर सेहेचाळीसचे. वर बोनस गुण वेगळे: आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे, पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहिलात की एक गुण जास्तीचा. तो संघाच्या गुणफलकावर दिसत नाही, रायडरच्या बिलात मात्र दिसतो. संघ जितका भारी, तितकं बिल मोठं. आणि सामने जितके एकतर्फी, तितकी पुढच्या शनिवारी गर्दी पातळ, कारण निकाल आधीच ठाऊक असलेल्या सामन्याला थंडीत उभं कोण राहणार?

बरं, लीग जिंकून वर जाता येतं का? नाही. फुटबॉलसारखी बढती-घसरण इथे नाही. वरच्या प्रीमियरशिपमध्ये उतरायचं की खालच्या चॅम्पियनशिपमध्ये, हे क्लब आपल्या खिशाकडे बघून ठरवतो. तेव्हा जिंकल्यावर हाती येतं ते म्हणजे एक चषक, भरपूर फोटो आणि गुणांचं बिल.

लोक ज्या नियमावर राग काढतात तो ॲव्हरेजचा. प्रत्येक रायडरचे गुण, बोनस धरून, त्याने चालवलेल्या हीटच्या संख्येने भागायचे आणि चारने गुणायचे. पाच हीटमध्ये नऊ आणि एक बोनस, तर ॲव्हरेज आठ. मोसमाआधी संघ बांधताना सगळ्यांच्या ॲव्हरेजची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते. साहजिकच जिंकलेल्या संघातल्या पोरांची ॲव्हरेज फुगतात, बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि चांगला जमलेला संघ मोडावा लागतो. न्यूकॅसलला ब्रफ पार्कमध्ये माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या आजी यावर इतक्या पोटतिडकीने बोलायच्या, की दोन हीटमधला वेळ कमी पडायचा. हातात कार्यक्रमपत्रिका, त्यात प्रत्येक हीटचा निकाल पेनाने भरलेला. इथे बहुतेक सगळेच तो भरतात, आणि एखाद्याने चुकीचा आकडा लिहिला तर मागचा अनोळखी माणूस खांद्यावर टिचकी मारून दुरुस्त करतो.

आजींचा राग मला कळतो. वर्षभर ज्याच्या नावाने ओरडलो तो पुढच्या एप्रिलमध्ये समोरच्या संघाच्या हेल्मेट कव्हरमध्ये उभा दिसणं वाईटच. पण हा नियम नसता तर बेरिक टिकलं असतं का? बारा-तेरा हजार वस्तीचं इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरचं गाव, आणि त्याच लीगमध्ये समोर ग्लासगो. आयपीएलमध्ये पैशांची मर्यादा असते तशी इथे ॲव्हरेजची आहे, इतकंच. उलट मी म्हणेन, गुणांचं बिल आटोक्यात ठेवणारा आणि सामना ४६-४४ च्या आसपास ठेवणारा हा एकच नियम या लीगकडे आहे. तो काढला तर श्रीमंत क्लब दोन वर्षं सगळं जिंकतील आणि तिसऱ्या वर्षी त्यांना प्रतिस्पर्धीच उरणार नाहीत.

मग कॉमेट्स का थांबले? फाटकावर जमणारे पैसे पुरेना झाले म्हणून. वर्किंग्टन हे कंब्रियाच्या किनाऱ्यावरचं पंचवीस हजारांच्या आसपासचं गाव. जगभर रेल्वेचे रूळ पाठवणारं हे गाव. २००६ मध्ये रूळ बनवणं बंद झालं. क्लब मूळचा १९७० चा, १९८१ नंतर बंद पडला, १९९९ मध्ये पुन्हा उभा राहिला. डर्वेंट पार्क हे रग्बी लीगचं मैदान, कॉमेट्स तिथे भाडेकरू. पाऊस हा त्या किनाऱ्याचा कायमचा पाहुणा. एक शनिवार धुतला गेला की त्या दिवसाची तिकीटविक्री गेलीच, आणि सामना नंतर आठवड्याच्या मध्ये कधीतरी घ्यायचा म्हटलं तर निम्मे लोक येत नाहीत. अशा गावाने ग्लासगो, शेफिल्ड, इप्सविचला मागे टाकून लीग घेतली, आणि त्यांना अभिनंदनाबरोबर हिशेबाची वही मिळाली.

त्या वर्षी अंतिम फेरीत समोर होते लेकसाइड हॅमर्स. त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. एसेक्समधलं त्यांचं अरीना एसेक्स मैदान त्याच मोसमात हातचं गेलं, आणि २०१९ ला तेही लीगमध्ये नव्हते. विजेता नाही, उपविजेताही नाही! वरच्या लीगमध्ये त्याच वर्षी पूल पायरेट्स जिंकले होते. दोन वर्षांत पूल स्वतःहून दुसऱ्या लीगमध्ये उतरलं. २०२० चा मोसम कोविडने खाल्ला, पण नंतर २०२१, २०२२ आणि २०२४ ला त्यांनी ही लीग जिंकली.

पूलबद्दल माझं मत फारसं गोड नाही, हे इथले माझे मित्र जाणतात. एवढ्या मोठ्या क्लबने खाली येऊन चषक गोळा करत बसणं मला खटकतं. पण त्यांच्या हिशेबात मला चूक काढता येत नाही. खालच्या लीगमध्ये बिल लहान, आणि पूलमध्ये बुधवार म्हणजे स्पीडवे हे गावाच्या अंगवळणी पडलेलं. ज्या क्लबला आपला ठरलेला वार आणि आपलं ठरलेलं मैदान आहे, तो कुठल्याही लीगमध्ये जगतो. ज्याला नाही, त्याला नियमपुस्तक वाचवत नाही. ग्लासगोच्या मालकांनी ॲशफील्ड स्टेडियमच विकत घेतलं, आणि २०२३ ला लीग त्यांनी जिंकली. पैसा सगळ्यांकडे नसतो, मान्य. पण भाड्याच्या ट्रॅकवर, दुसऱ्याच्या वेळापत्रकातून उरलेल्या संध्याकाळी क्लब चालवणाऱ्यांना "नियम बदला, सगळं ठीक होईल" असं सांगणं मला जखमेपेक्षा वेगळ्या जागी पट्टी बांधण्यासारखं वाटतं. ईस्टबोर्न २०२१ मध्ये मोसम अर्धवट सोडून बंद झालं. आमचं न्यूकॅसल डायमंड्स २०२२ मध्ये तसंच, ऐन जूनमध्ये. त्या दोन्ही वर्षी ॲव्हरेजचा नियम तोच होता आणि बाकीचे क्लब त्याच नियमात चालत होते.

या लीगला "दुय्यम" म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एकच नाव: डॅन ब्यूली. कंब्रियाचाच पोरगा, कॉमेट्सच्या रंगात वाढला. २०१८ मध्ये अपघातात इतका वाईट जखमी झाला, की परत बाइकवर बसेल का अशी चर्चा होती. २०२१ मध्ये ग्रेट ब्रिटनने स्पीडवे ऑफ नेशन्स ही देशांच्या संघांची जागतिक स्पर्धा जिंकली तेव्हा तो संघात होता. २०२२ ला त्याने कार्डिफची ग्रां प्री, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली एक शर्यत, जिंकली, २०२३ ला पुन्हा तीच. मिथेनॉल आणि एरंडेल तेलाच्या त्या जळक्या-गोडसर वासात, शनिवारी डर्वेंट पार्कच्या कठड्याला टेकून त्याला बघितलेले लोक कार्डिफला गेले असतील तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, त्याचा मला आजही हेवा वाटतो.

कॉमेट्स पुढे परतले. डर्वेंट पार्कवर नाही, त्याच गावातल्या नॉर्थसाइडच्या लहानशा मैदानावर, आणि २०२४ ला पुन्हा या लीगमध्ये होते. तीन चषकांचा संघ नव्हता आता तो, पण शनिवारी पुन्हा दिवे लागले.

यूकेत असलेल्या मंडळींनो, जवळपास ट्रॅक असेल तर एकदा जा. ग्लासगो, बेरिक, स्कन्थॉर्प, रेडकार, पूल, प्लिमथ, कुठेही. पेन घेऊन जा, कार्यक्रमपत्रिका विकत घ्या आणि आकडे भरा. पहिल्या वळणावर उभं राहायचं तर चांगलं जॅकेट घालू नका, शेल अंगावर येतं आणि सहजासहजी निघत नाही. आणि कमेंटमध्ये "ॲव्हरेज नियम रद्द करा" लिहिणार असाल तर आधी सांगा, साठ गुणांचं बिल कोण भरणार?