पायदल कायले?

नागपूरकराला डोंगर चढायचा म्हटलं तर डोंगर काही फार त्रास देत नाही. मुळात तो असतोच लहान. त्रास होतो तो बसमधून उतरून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जाण्याचा. तोही अंतराचा नाही, उन्हाचा नाही. लोक चालू देत नाहीत.

पुण्याचा माझा मेहुणा दर रविवारी एसटीनं कुठल्याशा गडाखाली उतरतो आणि दिवसभर चालून परत येतो. वाटेत त्याला कोणी हटकत नाही, चहासुद्धा विचारत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्याकडे गड आहेत, आमच्याकडे वाघ आहेत. पेंच घ्या, बोर घ्या, जंगल असं की पाहत राहावं. पण आत जायचं ते जिप्सीत बसून आणि खाली उतरायचं नाही. चालायला उरतात देवांच्या टेकड्या. आदाशाचा गणपती, आंभोऱ्याचा महादेव आणि सगळ्यात ऐसपैस म्हणजे रामटेक.

गाडी न काढता रामटेकला जायचं, असं मी घरी जाहीर केलं. ही म्हणाली, "काऊन, पेट्रोल संपलं का?" खाली शेजारच्या काकांनी पाठीवरची पिशवी पाहिली, मग पार्किंगमधली धुतलेली गाडी पाहिली, आणि आवाज उतरवून विचारलं, "सगळं ठीक आहे न जी घरी?"

गणेशपेठच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. तिकिटं फाटू लागल्यावर माझ्या लक्षात आलं की २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट आहे, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि माझ्या आसपास फक्त हेच दोन वर्ग बसले आहेत. शेजारच्या आजोबांनी माझ्या पूर्ण तिकिटाकडे कळवळून पाहिलं. "रामटेकले काय काम काढलं?" म्हटलं, काम नाही, चालायला चाललो. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला, आजोबा काही बोलेनात. मनसरला हायवे सोडून बस वळली तेव्हा म्हणाले, "म्हणजे पैसे देऊन इथपर्यंत येता, अन् मंग पायदल फिरता?" मी हो म्हणालो. त्यांनी पिशवीतला संत्रा काढून माझ्या हातावर ठेवला. अशा माणसाला उपाशी ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ असावा.

रामटेकला उतरून अंबाळा तलावाकडे निघालो. गडावर थेट डांबरी रस्ता जातो, पण अंबाळ्याकडून जुन्या पायऱ्या आहेत आणि मला त्याच चढायच्या होत्या. ऑटोवाल्यांना नाही म्हणणं सोपं होतं, तो धंदा आहे. खरी पंचाईत फुकटवाल्यांची. पहिली मोटारसायकल शंभर पावलांच्या आतच थांबली. "बसा, सोडतो." नको म्हटलं तर भाऊचा चेहरा पडला, जणू मी त्याच्या घरचं पाणी नाकारलं. दुसरीवर आधीच तिघं होते. मागचा पोट्टा आणखी मागे सरकून चौथ्यासाठी वीतभर जागा दाखवू लागला. एक ट्रॅक्टर थांबला. शाळेच्या गणवेशातला एक मुलगा सायकल आडवी घालून "काका, डबलशीट?" म्हणाला. पण कहर केला तो समोरून येणाऱ्या एका गुरुजींनी. ते गावाकडे निघाले होते. मला पाहून थांबले, स्कूटर वळवली आणि म्हणाले, "तुमच्याकडंच येतो, बसा."

कारणं देऊन पाहिली. "व्यायाम होतो."

"त्याच्यासाठी रामटेक? घरी जिना नाही का?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." हे तर अंगाशीच आलं. पेशंट म्हटल्यावर गुरुजींनी माझा दंड धरला आणि सीटवरची धूळ रुमालानं झटकली.

"निसर्ग पाहतो हो."

"तो काय, मागे बसल्या बसल्याही दिसते."

खरं म्हणजे चालण्याचं वावडं या लोकांना मुळीच नाही. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास हेच लोक पचमढीला नागद्वाराच्या यात्रेला जातात. पावसात, चिखलात, सातपुड्याच्या कपारींतून लोखंडी शिड्या चढत, "हर बोला हर हर महादेव" करत चालतात. गुडघे दुखतात म्हणून कोणी घरी राहत नाही. देवाकडे पायी जाणं त्यांना कळतं. आपल्याच मर्जीनं पायी जाणं म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार. हे ध्यानात आलं आणि मी जीभ दाताखाली धरून म्हणालो, "गुरुजी, नवस आहे."

काय सांगू! गुरुजींनी माझा दंड सोडला आणि हात जोडले. "मग आधी नाही का सांगायचं!" त्यांनी पुढच्या वळणावरच्या पानटपरीवर बातमी पोचवली असावी, कारण तिथून अंबाळ्यापर्यंत माझ्यासाठी एकही गाडी थांबली नाही. वेग मात्र कमी करायचे. एका बाईनं "कायचा नवस जी?" म्हणून विचारलं, उत्तर सुचेना म्हणून मी नुसतं आभाळाकडे पाहिलं, तर तिचे डोळेच भरून आले.

घाटावरची देवळं मागे टाकून पायऱ्या चढलो. पायऱ्यांवर वानरांचा कारभार आहे. आजोबांचा संत्रा त्यातल्या थोरल्यानं माझ्या खिशातून असा काढून घेतला की मला आधी वाटलं, मीच दिला. वर लक्ष्मणाचं आणि रामाचं दर्शन घेतलं आणि कालिदासाच्या स्मारकापाशी टेकलो. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं अभ्यासक मानतात. कुबेराच्या शापानं वर्षभर इथं अडकलेला तो यक्ष, अलकानगरीतल्या बायकोला निरोप न्यायला बिचाऱ्याला ढगाशिवाय कोणी मिळालं नाही. आत्ताच्या रामटेकात तो एक दिवससुद्धा टिकला नसता. खाली रस्त्यावर आला असता की कोणीतरी ब्रेक मारला असता, "अलकेला न? बसा, मी तिकडंच चाललो."

पलीकडे खिंडसी तलावाचं पाणी चमकत होतं. तिथवरही पायीच जायचा बेत होता. मेहुण्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "उंची किती?" मी फोन खिशात टाकला आणि उतरू लागलो.

शेवटच्या पायरीशी स्कूटर उभी होती. गुरुजी तिच्यावर तिरपे बसून पान खात होते. मला पाहून त्यांनी पिंक टाकली, तोंड पुसलं.

"झालं दर्शन?"

"झालं."

"म्हणजे नवस फिटला?"

आता नाही कसं म्हणणार? मान हलवली.

"मग बसा," गुरुजी म्हणाले आणि किक मारली.