जुनं डिरेलर म्हणजे भंगार नव्हे

गेले काही महिने नाशिकच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘वीस वर्षांहून जुन्या सायकलचं मागचं डिरेलर बिघडलं की नाद सोडा. पार्ट मिळत नाहीत. मिळाले तरी दुसऱ्या कंपनीचे बसत नाहीत. दुरुस्त करून चालवलंत तर चाकात अडकून अपघात होईल. आणि हे काम करणारं नाशिकमध्ये कुणी उरलेलं नाही. सायकल भंगारात द्या, नवी घ्या.’ (डिरेलर म्हणजे मागच्या चाकापाशी लटकणारा, चेन एका चकतीवरून दुसरीवर नेऊन गिअर बदलणारा भाग.) तो मेसेज वाचून कॉलेज रोडवरच्या एका ओळखीच्या आजोबांनी आपली सनटूर या जपानी कंपनीच्या गिअरची सायकल खरोखर किलोच्या भावाने देऊन टाकली. तिचं डिरेलर मी आधी पाहिलं होतं. ते बिघडलेलं नव्हतं, नुसतं आखडलं होतं. त्या सायकलची हळहळ अजून जात नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मेसेजात ‘बिघडलं’ हा शब्द फार सैल वापरलाय. डिरेलरमध्ये असतं काय? समांतरभुज चौकोनासारखा हलणारा सांगाडा, त्याचे चार सांधे, एक-दोन स्प्रिंगा आणि केजमध्ये, म्हणजे खालच्या चौकटीत, बसवलेल्या दोन दातेरी पुल्या, ज्यांवरून चेन फिरते. वर्षानुवर्षं उभ्या सायकलच्या सांध्यात ग्रीस वाळून धूळ घट्ट बसते, स्प्रिंगेला ते ओढवत नाही आणि गिअर पडत नाही. केज खोलून सांगाडा रात्रभर डिझेलमध्ये ठेवा, जुन्या टूथब्रशने सांधे घासा, प्रत्येक सांध्यात पातळ तेलाचा थेंब सोडा आणि हाताने मागेपुढे हलवत राहा. पन्नासाव्या वेळेला तो हलका लागायला लागतो. सोबत केबल आणि तिचं आउटर, म्हणजे बाहेरचं आवरण, नवं घाला. गंजलेल्या केबलचा दोष डिरेलरच्या माथी मारलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय.

आता पार्ट. खरोखर झिजतात त्या पुल्या. त्र्यंबक रोडवर पावसात रोज चालवली की चिखलातली कच पुलीच्या बुशमध्ये, म्हणजे भोकातल्या नळीत, शिरते आणि ती डुगडुगायला लागते. पण पुलीचे दात चेनच्या मापाने असतात, आणि चेनच्या दोन पिनांमधलं अंतर तेव्हाही अर्धा इंच होतं, आजही अर्धा इंचच आहे. चेन अरुंद होत गेली, हे अंतर बदललं नाही. म्हणून जुन्या डिरेलरची दहा दातांची पुली गेली तर आजची दहा दातांची पुली तिथे चालू शकते. बघायचं ते भोकाचा व्यास आणि जाडी. भोक मोठं असेल तर पितळेचा बुश, जाडी कमी पडत असेल तर दोन्ही बाजूंना पातळ वायसर. एवढ्यावर काम भागतं.

दुसऱ्या कंपनीचं बसत नाही, हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवा. खटक्यावर गिअर पडायची पद्धत शिमानोने एसआयएस नावाने १९८४ साली आणली. तिथे शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायची दांडी, एका खटक्याला किती केबल ओढतो आणि डिरेलर तेवढ्यात किती सरकतं, हे जुळावंच लागतं. त्या वेळच्या ड्युरा-एस ७४०० या शिमानोच्या महागड्या संचाचं गणित तर शिमानोच्याच इतर डिरेलरांशी जुळत नाही. पण बहुतेक जुन्या सायकलींना खटका नसतोच. डाउनट्यूबवरची, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरची, दांडी अंदाजाने ओढायची, घर्षणाने ती जागेवर राहते. तिला डिरेलर कुठल्या कंपनीचं आहे याच्याशी देणंघेणं नाही. शिवाय आजच्या साध्या डिरेलरमधला तिरका समांतरभुज सांगाडा ही १९६४ ची सनटूरचीच कल्पना. १९८४ च्या सुमारास पेटंट संपलं आणि बाकीच्यांनी ती उचलली. ज्याला आजचं शिमानोचं स्वस्तातलं टूर्नी डिरेलर उघडता येतं, त्याला जुनं सनटूर परकं नाही.

अडतं ते डिरेलर जिथे बोल्टने बसतं त्या फ्रेमच्या कानापाशी, म्हणजे हँगरला. सनटूर, शिमानो यांचा बोल्ट १० मिमी व्यासाचा आणि १ मिमी आट्यांचा. इटलीच्या कॅम्पाग्नोलोचाही जवळपास तसाच. सिम्प्लेक्स या फ्रेंच कंपनीच्या डिरेलरसाठी केलेल्या काही फ्रेमींच्या कानाला आटेच नसतात. तिथे त्याच मापाचा टॅप मारून, म्हणजे आटे पाडून, घेता येतो, मग कुठलंही डिरेलर लागतं. सर्वात मोठ्या चकतीचे दातही मोजा. कॅम्पाग्नोलोचं नुओव्हो रेकॉर्ड हे जुनं डिरेलर २६ दातांपर्यंतचंच आहे. त्यावर ३२ ची चकती चढवून ‘जुना माल असाच’ म्हणणं अन्यायाचं आहे.

अपघाताचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. डिरेलर आरांत अडकलं तर चाक जागीच थांबतं, केज आणि हँगर दोन्ही वाकतात. पण ते वयामुळे अडकत नाही. सायकल डिरेलरच्या अंगावर पडून हँगर आत वाकलेला असतो किंवा आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू, म्हणजे डिरेलरला आरांकडे जास्त सरकू न देणारा स्क्रू, सैल असतो. हे नव्या सायकलीलाही होतं. हँगर सरळ आहे का हे बघायला महागडं हत्यार लागत नाही. क्विक रिलीजच्या (पाना न लावता दांडीने निघणाऱ्या) मागच्या चाकाचा ॲक्सलही १० मिमीचा, त्याच आट्यांचा असतो. असं एक जादा चाक घेऊन ॲक्सल हँगरमध्ये पिळा. दोन चाकं शेजारी उभी राहतात. वर, खाली, मागे दोन्ही रिममधलं अंतर मोजा. सारखं आलं तर हँगर सरळ, नाहीतर त्याच चाकाला धरून हळूच सरळ करा. हे फक्त पोलादी फ्रेमवर. ॲल्युमिनियमचा कान वाकवून सरळ करू नका, तो तुटतो.

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्याचं म्हणणं मला मान्य आहे. सिम्प्लेक्सची डेलरिन प्लास्टिकची डिरेलरं दुरुस्तीच्या फंदात पडण्याजोगी नाहीत. काकांच्या प्यूजो सायकलवरचं मी चिकटवून, आत पिन घालून पाहिलं. अंजनेरीच्या अलीकडे चढावर ते पुन्हा त्याच जागी चिरलं. शेवटी कानाला टॅप मारून धातूचं डिरेलर लावलं. जुनं कपाटात जपून ठेवलंय. सायकल रस्त्यावर आहे.

नवी सायकल घेणं स्वस्त पडेल असं कुणी म्हणालं, तर ते मोजून बघण्याचीही गरज नाही. केबल, दोन पुल्या आणि बुश यांच्या पैशांत नवी सायकल कुठे येते?

राहिलं ‘नाशिकमध्ये कुणी नाही’. सातपूर आणि अंबडच्या शेडांमध्ये किती लेथ चालतात ते एकदा बघून या. या गावात डिझेल इंजिनांची नोझलं बनतात, मायक्रॉनमध्ये माप धरणारे फिटर इथेच निवृत्त होऊन राहतात. त्यांना पितळेचा बुश काढून देणं अवघड नाही. फक्त मोकळ्या हाताने जाऊन ‘सायकलचा पार्ट बनवा’ म्हणू नका. जुनी पुली, तिचा बोल्ट आणि केज सोबत न्या. व्हर्नियरने भोकाचा व्यास, जाडी, बोल्टचा व्यास मोजून कागदावर लिहून न्या. एका नगासाठी मशीन लावायला कुणालाच परवडत नाही, म्हणून चार बुश एकदम काढून घ्या आणि दुपारच्या जेवणानंतरच्या निवांत वेळी जा. दोन तुमच्या सायकलला, दोन पुढच्या पावसाळ्याला.