घर विकायचंय? मग आधी गप्प बसायला शिका

तुम्ही घर विकायला काढलंय असं कळलं. अभिनंदन! आता कुणीतरी येईल, घर बघेल. पुन्हा येईल, येताना नवऱ्याला आणेल. तिसऱ्यांदा सासूबाईंना आणेल आणि भिंतीवर नुसता तळहात ठेवून ओल ओळखणाऱ्या एखाद्या जाणत्या मामांना आणेल. मग तीन रात्री वहीत बेरजा-वजाबाक्या करून एक आकडा तुम्हाला कळवेल. तुमची खरी कारकीर्द इथून सुरू होते. त्या आकड्याला काय उत्तर द्यायचं याबद्दल चार गोष्टी सांगायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालते, कारण या कलेतल्या एका सिद्धहस्त माणसाचं काम गेले तेवीस दिवस मी फार जवळून पाहिलंय.

उत्तर द्यायचं नाही.

खरं तर लेख इथेच संपायला हवा. पण नवशिके विक्रेते नेमके इथेच घसरतात. 'आम्हाला परवडत नाही, माफ करा' असं लिहून मोकळे होतात. अशानं काय होतं? समोरची बाई संध्याकाळभर हळहळते, रात्री नीट झोपते आणि रविवारी दुसरं घर बघायला जाते. आपण होऊन गळाला लागलेला मासा तुम्ही स्वतःच्या हातानं पाण्यात सोडलात! 'हो' म्हणणं तर त्याहून वाईट. हो म्हटलं की कागद काढा, तारखा ठरवा, माळ्यावरचं सामान उतरवा. म्हणून ना हो, ना नाही. समोरच्याला लटकवून ठेवायचं आणि आपण पंख्याखाली बसायचं.

मेसेज मात्र वाचा. लगेच वाचा आणि वाचलाय हे दिसू द्या. निळ्या खुणा बंद करून ठेवणारा विक्रेता कच्चा समजावा. खुणा दिसल्या नाहीत तर समोरच्याला वाटू शकतं की बिचाऱ्याचा फोन बिघडला असेल, घरात कुणी आजारी असेल. अशी दयाबुद्धी त्याला सुचूच देऊ नका.

त्याहून वरची पायरी म्हणजे 'टायपिंग'. ही सगळ्यांना जमत नाही. आमच्या सिद्धहस्तांनी ती आठव्या दिवशी, रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी गाठली. मी तोंडात ब्रश धरून उभी होते. फोन बेसिनच्या कडेवर होता (हल्ली तो माझ्यापासून हातभर लांब नसतो). त्यांच्या नावाखाली 'टायपिंग' उमटलं. मी तशीच फेसाळ तोंडानं जाऊन नवऱ्याला हलवून उठवलं. ते थांबलं. परत सुरू झालं. मी म्हटलं, एवढं लांबलचक लिहितायत म्हणजे नकार, नकाराला कारणं द्यावी लागतात. नवरा म्हणाला, छे, होकारच असणार, अटी लिहीत असतील. परत थांबलं. परत सुरू. वीस मिनिटं आम्ही दोन शहाणीसुरती, कमावती माणसं अंधारात पलंगावर बसून एका शब्दाकडे बघत होतो. मग तो शब्दही गेला. मेसेज आला नाही. सकाळी बघते तर त्यांच्या स्टेटसला उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली संयमाचं महत्त्व सांगणारं सुवचन.

स्टेटस रोज बदलत जा, हे वेगळं सांगायला नको.

फोन उचलू नका. कधीच.

मध्ये एजंट असेल तर उत्तमच. समोरच्यानं विचारलं की त्यानं सांगायचं, "पार्टी पॉझिटिव्ह आहे, मॅडम." सोमवारी सांगायचं, घरात चर्चा चालू आहे. गुरुवारी सांगायचं, थोरल्या भावाला विचारायचंय. पुढच्या मंगळवारी, थोरले भाऊ बाहेरगावी गेलेत, आले की लगेच. इथे एकच खबरदारी घ्या. घर दाखवताना 'आम्ही चार भावंडं, मीच सगळ्यात मोठा' असं आधी सांगून बसू नका. आमच्या सिद्धहस्तांनी ते सांगितलं होतं. खिडकीपाशी उभं राहून, अगदी अभिमानानं.

कायद्याची भीती असेल तर ती काढून टाका. झोप उडाल्यापासून माझं वाचन बरंच वाढलंय. १८६२ सालचा इंग्लंडमधला एक खटला आहे. फेल्टहाउस नावाच्या काकांनी पुतण्याला घोड्याबद्दल लिहिलं होतं, की तुझ्याकडून काही कळलं नाही तर तीस पौंड पंधरा शिलिंगांना घोडा माझा झाला असं मी समजेन. पुतण्यानं उत्तर दिलं नाही. मनातून त्याला घोडा काकांनाच द्यायचा होता. लिलाववाल्याला त्यानं 'तो तेवढा बाजूला ठेव' असं सांगूनही ठेवलं होतं. लिलाववाल्यानं चुकून तोच विकला. काका कोर्टात गेले आणि हरले. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, असं कोर्टानं सांगितलं. म्हणजे 'मौनं संमतिलक्षणम्' त्या कोर्टात चाललं नाही, पण 'मौनं सर्वार्थसाधनम्' अजून शाबूत आहे. तुम्ही तेवीस दिवस काय, तेवीस महिने गप्प बसलात तरी कशालाच बांधले जात नाही. बांधलेली असते ती समोरची.

उलट आकडा सांगायचा मोह होईल, तोही आवरा. १८४० साली रेंच नावाच्या गृहस्थानं आपलं शेत हजार पौंडांना देऊ केलं. हाइड म्हणाला, साडेनऊशे देतो. रेंचनं नाही म्हटल्यावर हाइड म्हणाला, बरं, हजार तर हजार. कोर्ट म्हणालं, साडेनऊशे म्हणालास तेव्हाच हजाराचा प्रस्ताव संपला. आता बघा, तुम्ही जर 'एवढ्यात नाही, तेवढ्यात देतो' म्हणालात, तर खरेदीदाराची ऑफर तिथेच निकालात निघणार. तो सुटणार. घासाघीस करून का होईना, दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागणार. एवढी जोखीम घ्यायची कशाला?

आता रात्री कधीतरी तुमच्या मनात येईल, की आकडा खरंच एवढा कमी होता का? होताच. तुमचं घर म्हटल्यावर तो कमीच असणार. कानेमन, क्नेच आणि थेलर या तिघांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना त्यांनी साधे कॉफीचे मग दिले आणि म्हणाले, विका. ते मग हातात येऊन फार वेळ झाला नव्हता, तरी विकणाऱ्यांना साधारण सव्वापाच डॉलर हवे होते. ज्यांना मग मिळाला नव्हता ते सव्वादोन ते पावणेतीन द्यायला तयार होते. काही मिनिटांच्या मालकीत मगाची किंमत दुपटीच्या आसपास जाते, तर इतकी वर्षं ज्या घरात राहिलात त्याचं काय होत असेल? तुमच्या बाथरूममधली ती चिरलेली टाइल मी पाहिलीय. तिचेही पैसे तुम्ही आकड्यात धरलेत हे मला उशिरा कळलं.

मुदत मागितली तर खुशाल द्या. डॉड्स नावाच्या माणसानं १८७४ साली घर आठशे पौंडांना देऊ केलं आणि लिहून दिलं की शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत ही ऑफर खुली आहे. गुरुवारीच डिकिन्सन या खरेदीदाराच्या कानावर आलं की घर दुसऱ्याला चाललंय. तो धावत डॉड्सच्या सासुरवाडीला गेला, कारण डॉड्स तिथे उतरला होता, आणि होकाराची चिठ्ठी सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाई ती जावयाला द्यायला विसरल्या. (हे मी माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "विसरली कसली, दिली नसेल.") शुक्रवारी सकाळी नवाच्या आत डिकिन्सननं डॉड्सला रेल्वेच्या डब्यात चढताना गाठलं. डॉड्स म्हणाला, उशीर झाला, घर विकलं. १८७६ साली अपिलात निकाल डॉड्सच्या बाजूनं लागला. मुदतीचं नुसतं आश्वासन त्याच्यावर बंधनकारक नव्हतं.

तर द्या मुदत. आमच्या सिद्धहस्तांनी ती एका अंगठ्यानं दिली. 'रविवारपर्यंत कळवाल का?' असं मी विचारलं, त्यावर एक पिवळा अंगठा आला. आता या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा? कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात २०२३ साली एका न्यायाधीशानं असाच अंगठा म्हणजे रीतसर संमती धरली. शेतकऱ्याला जवसाच्या खरेदीचा करार फोनवर पाठवला होता, त्यानं नुसता अंगठा पाठवला, आणि पुढे जवस न दिल्याबद्दल त्याला ब्याऐंशी हजार डॉलरच्या वर भरपाई द्यायला सांगितली. हे वाचल्यावर मी पहाटे तीन वाजता जरा हसले, हे कबूल करते. रविवार आला. रविवार गेला. अंगठा तसाच वर.

कितवी सूचना झाली? जाऊ दे.

पुढची महत्त्वाची: समोरच्याकडे वेळच वेळ आहे असं समजा. त्याला दुसरा उद्योग नाही. बँकेच्या मंजुरीपत्रावर तारीख असते आणि ती तारीख कुणासाठी थांबत नाही, हे मनात आणू नका. तो भाड्याच्या घरात राहतो आणि घरमालक दर दोन दिवसांनी जिन्यात गाठून 'मग काय ठरलं तुमचं?' विचारतो, हेही नको. कपाट बसेल का म्हणून तुमच्या बेडरूमचा कोनाडा आम्ही दोनदा मोजला. सहा फूट चार इंच. तो कागद आमच्या फ्रिजवर अजून चिकटवलेला आहे, मुलीनं त्यावर तिच्या टेबलाचा चौकोन काढलाय, आणि रोज दूध काढताना तो मला दिसतो.

आणि चौदाव्या दिवशी आम्ही दुसरं घर पाहिलं. तुमच्याहून लहान, पण उजेडाचं. एका आजींचं. त्या म्हणाल्या, "दोन दिवसांत सांग गं. नसेल घ्यायचं तरी सांग, मला राग नाही येणार." मी काय सांगितलं असेल? एका ठिकाणी बोलणं चालू आहे, पार्टी पॉझिटिव्ह आहे! एजंटचा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला तेव्हा माझीच मला लाज वाटली. चार दिवसांनी आजींचा फोन आला की घर गेलं. त्यांनी आपण होऊन फोन केला. 'तू वाट बघत असशील म्हणून कळवलं,' म्हणाल्या. माझं त्यांच्याशी काहीही ठरलेलं नव्हतं. मी त्यांना आकडासुद्धा सांगितला नव्हता.

म्हणजे जमतं ना? पंचाहत्तरीच्या बाईला जमतं. मग तुम्हाला काय धाड भरली होती? आकडा कमी वाटला? म्हणा ना तसं, आम्ही काय रडणार होतो तुमच्या दारात येऊन? दुसरं कुणी जास्त देतंय? द्या त्याला, तुमचं घर आहे, तुमचा हक्क आहे. विकायचंच नाहीये, जीव होत नाहीये? तेही समजलं असतं मला, खरंच समजलं असतं. त्या खिडकीपाशी उभे राहून तुम्ही बोलत होतात तेव्हाच ते थोडं दिसलं होतं. पण हे सगळं मी का ओळखायचं? तुमच्या स्टेटसवरून, अंगठ्यावरून आणि अर्धवट टायपिंगवरून तुमच्या मनात काय आहे याचा पंचांग काढून शोध घेत बसायचं का आम्ही? तुम्ही भाव खात नव्हतात. भाव खाणारा माणूस निदान भाव तरी सांगतो. तुम्हाला फक्त 'नाही' म्हणायचं जिवावर आलं होतं आणि त्या आळसापायी तुम्ही एका घरातल्या चार माणसांना तेवीस दिवस फोनभोवती बसवून ठेवलंत.

काल आम्ही ऑफर मागे घेतली. मेसेज लिहायला चाळीस सेकंद लागले, त्यात शुद्धलेखन दोनदा तपासलं. निळ्या खुणा मिनिटाभरात आल्या. उत्तर नाही.

आणि आमची मोजायची टेप तुमच्या बेडरूमच्या खिडकीत राहिलीय, पिवळी, हूक थोडा वाकलेला. ती तेवढी एजंटकडे द्या. तिच्याबद्दलही दोन मेसेज केलेत.