‘फायरवॉल बंद केली की झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : एक्सपी, विंडोज ७ आणि १० च्या मशिनमध्ये नेटवर्कवरून फोल्डर शेअर करण्याच्या माझ्या लेखात पायऱ्या उगाच वाढवल्या आहेत. पिंगला (दुसरं मशिन उत्तर देतं का ते पाहणाऱ्या कमांडला) उत्तर न येताही शेअरिंग चालतं, म्हणजे पिंग करून पाहण्याची पहिली पायरीच चुकीची. एक्सपी, विंडोज ७ आणि विंडोज १० अशा तिन्ही मशिनवर फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शन अडवणारी भिंत) बंद केली, एसएमबी १ (विंडोजच्या फाइल शेअरिंगची सगळ्यात जुनी भाषा) चालू केलं, फोल्डरला ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ दिलं आणि पाच मिनिटांत काम झालं. अडलं फक्त एवढंच की १० वरून ७ चा फोल्डर उघडताना पासवर्ड विचारत राहतं, आणि ७ वर तर पासवर्ड ठेवलेलाच नाही.

पिंगबद्दल तुमचं बरोबर आहे, लेखात दुरुस्ती केली आहे. फाइल शेअरिंगची परवानगी दिलेली नसेल तर विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तरच जाऊ देत नाही. तेवढ्यावरून केबलला दोष देता येत नाही. पिंग करून झालं की त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी ही कमांड ‘-ए’ लावून द्या. ज्याला पिंग केलं त्या मशिनच्या आयपीसमोर (नेटवर्कवरच्या पत्त्यासमोर) फिजिकल अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, दिसला तर मशिन जोडलेलं आहे, अडवतेय ती फायरवॉल. ओळच आली नाही तर केबल, वायफाय किंवा राउटरचं गेस्ट नेटवर्क तपासा. गेस्ट वायफायवरची मशिन सहसा एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात, तिथे सेटिंग कितीही बदला, उपयोग नाही.

बाकीचं मात्र मला पटलेलं नाही.

फायरवॉल बंद करायची गरज नाही, तिच्यात एक दार उघडायचं आहे. विंडोज १० मध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. एक्सपीत फायरवॉलच्या ‘एक्सेप्शन्स’ टॅबवर त्याच नावाची ओळ असते. तिच्यावर टिक करा, मग ‘एडिट’मध्ये जाऊन प्रत्येक पोर्टचा (म्हणजे दाराचा) स्कोप, म्हणजे ते कुणासाठी उघडं आहे ते, ‘माय नेटवर्क (सबनेट) ओन्ली’ आहे ना ते पाहा. पोर्ट चारच : टीसीपी १३९ आणि ४४५, यूडीपी १३७ आणि १३८. एवढ्यासाठी सगळी भिंत पाडायची, आणि तोच लॅपटॉप उद्या बाहेरच्या वायफायवर उघडा न्यायचा, हे मला धोक्याचं वाटतं.

एसएमबी १ चं तर त्याहून गंभीर आहे. विंडोज ७ आणि १० एकमेकांशी एसएमबी २.१ वर बोलतात, तिथे १ चा संबंधच येत नाही. ते लागतं एकट्या एक्सपीला, कारण त्याला दुसरं काही येत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या भाषेतल्या भोकातून. तुमच्याकडे ७ आहेच, तर त्यालाच मध्यस्थ करा. ७ ला दोन्ही भाषा येतात आणि त्यावर एसएमबी १ मुळातच चालू असतं. शेअर केलेला फोल्डर ७ वर ठेवा. एक्सपीने तिथे फाइल टाकायची, १० ने तिथून उचलायची. १० वर एसएमबी १ लागणारच नाही. ७ वर मार्च २०१७ चा सुरक्षा अपडेट बसलेला आहे की नाही, तेवढं मात्र आधी पाहा.

मध्यस्थ नकोच असेल, तर १० च्या विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १ खाली तीन चौकोन दिसतील. १० ने एक्सपीवरून फाइल आणायची असेल तर फक्त ‘क्लायंट’ पुरे, ‘सर्व्हर’ला हात लावू नका. तिसरा चौकोन ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’चा. तो टिक राहिला आणि १५ दिवस एसएमबी १ वापरलं गेलं नाही, की विंडोज ते आपणहून काढून टाकतं. ‘कालपर्यंत चालत होतं, अचानक बंद पडलं’ असं होतं त्याचं हे एक नेहमीचं कारण.

‘एसएमबी १ चालू केलं तेव्हाच एक्सपी दिसलं’ असं तुम्ही लिहिलंय. दिसणं वेगळं, उघडणं वेगळं. नेटवर्कच्या खिडकीतली यादी वेगळ्या सेवा भरतात. जुन्या पद्धतीत मशिन साधारण दर १२ मिनिटांनी आपलं नाव पुकारतं, त्यामुळे बंद केलेलं मशिनही यादीत अर्धा तास रेंगाळतं आणि नुकतंच चालू केलेलं गायब असतं. त्या यादीवर विसंबू नका. एक्सप्लोररच्या पट्टीत सरळ \\१९२.१६८.१.१२ असा आयपी टाका आणि तो बदलू नये म्हणून राउटरमध्ये पक्का करून ठेवा.

आता पासवर्ड. ७ वर पासवर्ड नाही, म्हणूनच तो विचारत राहतोय. पासवर्ड नसलेल्या खात्याने फक्त त्याच मशिनसमोर बसून लॉगिन करता येतं, नेटवर्कवरून नाही, असा विंडोजचा मूळ नियम आहे. लेखात हे यायला हवं होतं, राहून गेलं. ७ वर शेअरिंगपुरतं एक वेगळं साधं खातं काढा, त्याला पासवर्ड द्या. १० वर विचारलं की आधी ७ च्या मशिनचं नाव, मग बॅकस्लॅश, मग खात्याचं नाव असं लिहा. उलट दिशेने, म्हणजे १० चा फोल्डर उघडताना, १० चा पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. ७ साठी नवं नाव लिहिण्याआधी १० च्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (तिथे साठवलेले पासवर्ड असतात) ७ ची जुनी नोंद पुसा आणि एकदा लॉगआउट करून परत या. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही, जुनं कनेक्शन जिवंत असेल तर नवं नाव नाकारलं जातं.

हे खातं झालं की ‘एव्हरीवन’ काढून टाका आणि त्या जागी हेच नाव घाला. फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस एका मशिनमध्ये शिरला, तर ‘फुल कंट्रोल’ दिलेला प्रत्येक फोल्डर त्याच्या हातात जातो. परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, ‘शेअरिंग’मध्ये आणि ‘सिक्युरिटी’ टॅबवर. दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. फोल्डरमधल्या दहा फाइली उघडतात आणि अकरावी ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणते, तेव्हा बहुधा ती त्याच ड्राइव्हवरून कट करून आणलेली असते. अशी फाइल जुन्या जागेची परवानगी सोबत घेऊन येते. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरची परवानगी घेते, म्हणून शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकताना कॉपीच करा.

आधी फायरवॉल चालू करा, मग ७ वर पासवर्डचं नवं खातं उघडा. त्यानंतरही अडलं तर एररचा मजकूर जसाच्या तसा लिहून पाठवा. ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ आणि ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ यांचे उपाय अगदी वेगळे आहेत.