२१ वर्षं मुलीची नव्हेत, खात्याची

‘मुलगी २१ वर्षांची झाली की सुकन्या समृद्धीचे पैसे हातात पडतात,’ हे मुलींसाठीच्या या सरकारी बचत योजनेवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. २१ वर्षं मोजतात ती खातं उघडल्या तारखेपासून. आम्ही खानापुरात २०१५ साली खातं काढलं तेव्हा मुलगी ९ वर्षांची होती, म्हणजे मुदत संपेल तेव्हा ती तिशीत असेल! आम्हीही तेव्हा तुमच्यासारखंच समजून बसलो होतो, कुणी सांगितलंच नाही. पैसे १५ वर्षंच भरायचे, पुढे नुसतं व्याज चढतं. म्हणून पोर तान्ही असतानाच खातं काढावं, दहाव्या वर्षाची वाट बघू नये.

शिक्षणासाठी मात्र अडत नाही. मुलगी १८ची झाली किंवा दहावी पास झाली की आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीतले निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. बेळगावच्या कॉलेजची फी आम्ही त्यातूनच भरली. आणि आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्यांनी एक आवर्जून बघा, जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आमच्या मुलीच्या आडनावाचं एक अक्षर बदललं होतं, ते निस्तरण्यात दोन महिने गेले, तेही ऐन ॲडमिशनच्या वेळी.