तिकिटाचा आकडा

तिकिटाचा नेमका आकडा मी इथे लिहिणार नाही. घरात मी तो निम्मा सांगितला आहे, आणि आमच्याकडे सगळं वाचलं जातं, अगदी भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा. एवढंच सांगतो की त्या दोन तिकिटांच्या पैशांत आम्हा चौघांचं महिन्याचं वाणसामान येतं.

सुरुवात झाली १५ ऑगस्ट २०२५ला. जिलबी घेऊन घरी आलो तर चिरंजीव दिवाणावर उभे राहून ओरडत होते. एएफसी चॅम्पियन्स लीग टू नावाच्या आशियाई स्पर्धेच्या सोडतीत एफसी गोवा आणि सौदीचा अल नासर एकाच गटात आले होते. अल नासर म्हणजे रोनाल्डो, आणि गोवा म्हणजे मडगावचं फातोर्डा स्टेडियम.

"बाबा, रोनाल्डो मडगावला येणार!" हे त्याने अशा सुरात सांगितलं की मला वाटलं, आता त्याच्यासाठी गादी कुठे घालायची हेही ठरवावं लागणार.

पुणेकराला फुटबॉलचं तसं वावडं नाही. आम्ही क्लब पाळूनही पाहिले. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी. एकही टिकला नाही. २०१४ साली बालेवाडीला खुद्द त्रेझेगे खेळून गेला, फ्रान्सच्या १९९८च्या विश्वविजेत्या संघातला, आणि मी तो ऑफिसात वाटलेल्या फुकट पासावर पाहिला. माझ्या शेजारचे गृहस्थ पास फुकट असूनही पार्किंगच्या पैशांवरून मध्यंतरापर्यंत धुसफुसत होते. तेव्हापासून फुटबॉल ही फुकट पाहायची गोष्ट आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

विक्रीच्या दिवशी आम्ही दोघं लॅपटॉपसमोर आंघोळी करून बसलो. तिकडे ऑनलाइन रांग होती. आपल्या ओळखीच्या रांगेत पुढच्याची पाठ दिसते. "काका, किती वेळ झाला उभे?" असं विचारता येतं, कोणी मध्ये घुसला तर सगळ्यांनी मिळून त्याच्यावर ओरडता येतं, त्यात वेळ बरा जातो. इथे स्क्रीनवर नुसता एक छोटा हिरवा माणूस डावीकडून उजवीकडे चालत होता आणि काही केल्या पोचत नव्हता. पाऊण तास चालला. एकदा मागेही आला.

शेवटी दार उघडलं तेव्हा स्वस्त स्टँड डोळ्यांदेखत राखाडी झाला. मग त्याच्या वरचा. आठ मिनिटांत पैसे भरा, असं घड्याळ वर टिकटिकत होतं. मी तुळशीबागेत कढईचा भाव करताना दोनदा निघून गेल्यासारखं करणारा माणूस. इथे निघून गेल्यासारखं केलं असतं तर कोणी "अहो साहेब, या इकडे" म्हणणार नव्हतं. जे उरलं ते घेतलं. आणि पैसे भरायच्या पानावर खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढली: सुविधा शुल्क. मी माझ्या घरात, माझ्या विजेवर, माझ्या इंटरनेटवर, माझ्याच बोटाने तिकीट काढलं, त्यात सुविधा नेमकी कोणाची झाली? शिवाय त्या शुल्कावर जीएसटी.

ओटीपी आला स्वयंपाकघरात, कारण बँकेच्या खात्याला नंबर बायकोचा आहे. चिरंजीव धावत जाऊन सहा आकडे पाठ करून आले.

"कसला ओटीपी?" आतून आवाज.

"मॅचची तिकिटं काढतोय गं," मी म्हणालो आणि तिथेच तो निम्मा आकडा सांगून मोकळा झालो. प्रश्न एवढ्यावर सुटला असता. पण तारीख पाहिली तर २२ ऑक्टोबर. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकोनात लाल अक्षरांत बलिप्रतिपदा. दिवाळी पाडवा!

ज्यांचं लग्न झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. पाडव्याला बायको ओवाळते आणि नवरा तबकात काहीतरी घालतो. त्या दिवशी नवरा फातोर्ड्याला असेल तर तबकातला आकडा दुसऱ्या दिवशीपर्यंत व्याज धरतो. शेवटी तह झाला. लक्ष्मीपूजन घरी करून आम्ही दोघं रात्रीच्या बसने मडगावला जायचं, बायकोने पाडव्याला सकाळी माहेरी कोल्हापूरला, आणि येताना आम्ही भाऊबीजेला तिथेच उतरायचं. पाडवा एक दिवस उधार.

कोल्हापूरला कळायचा अवकाश, सासऱ्यांचा फोन आला. माणूस जन्माचा पाटाकडीलचा, म्हणजे पाटाकडील तालीम मंडळाचा. कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या नावाने खेळतात आणि शिवाजी तरुण मंडळाशी मॅच असली की घराघरात दोन चुली होतात.

"जावईबापू, तिकीट केवढ्याचं म्हणायचं?"

मी इथेही निम्माच सांगितला. तिकडे बराच वेळ शांतता.

"तेवढ्यात आमच्या शाहू स्टेडियमवर अख्खी गल्ली घेऊन शिजन बघितला असता की वो. आमचा अनिकेत जाधव हिथनंच सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला गेला. त्याला आम्ही बांधाला बसून बघितलाय."

मग पहिली आंघोळ उजाडली. उटणं लावून, कारीट फोडून मी चकलीला हात घातला आणि चिरंजिवांनी फोन माझ्यापुढे धरला. रोनाल्डो गोव्याला येत नाही.

तिकिटाच्या अटी मी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्या. तिकीट सामन्याचं होतं, माणसाचं नव्हतं. पैसे परत नाहीत. यात रोनाल्डोचा काही दोष काढता येत नाही. त्याने मला बोलावलं नव्हतं. गटातल्या आधीच्या दोन सामन्यांतही तो उतरला नव्हता, म्हणजे डोळे उघडे ठेवले असते तर मलाही कळलं असतं. आणि चाळीस वर्षांचा गडी. त्या वयात मी टिळक रोडवरून डेक्कनला जायलासुद्धा रिक्षा करत होतो. "जायचंच का मग?" असं मी चिरंजिवांना विचारून पाहिलं. तो काही बोलला नाही. कॅम्पातून साडेतीनशेला आणलेली पिवळी सात नंबरची जर्सी त्याने घडी करून बॅगेत तळाशी ठेवली. ती घडी बघून मी तिकिटांबद्दल पुन्हा बोललो नाही.

बसचं भाडं हा स्वतंत्र विषय आहे. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये असा आपल्या राज्यात नियम आहे. दिवाळीत तो नियम गावी गेलेला असतो.

रात्री कात्रजचा बोगदा मागे पडल्यावर चिरंजीव पुढच्या वर्षीच्या वर्ल्डकपकडे वळले. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको; ४८ संघ, १०४ सामने. तिकिटं ६० डॉलरपासून, फायनलचं महागातलं ६,७३० डॉलर. मी बोटांवर गुणाकार केला. सहा लाखांच्या घरात. १९९४ साली याच अमेरिकेतल्या वर्ल्डकपला तिकिटं २५ डॉलरपासून होती आणि सगळ्यात महाग ४७५ला, हेही त्याने वाचून दाखवलं. शिवाय आता भाव ठरलेला नाही. मागणी वाढेल तसा तो वाढणार. मंडईत संध्याकाळ झाली की मेथी दहाला दोन होते. मेथी कोमेजते हे मेथीवालीला मान्य असतं. फुटबॉलची मेथी दिवस मावळेल तशी महाग होते. (पुढे डिसेंबरात फायनलचं सगळ्यात स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलरवर गेलं. जगभर एवढी बोंब झाली की फिफाला प्रत्येक सामन्याची काही थोडी तिकिटं ६० डॉलरला निष्ठावान पाठीराख्यांसाठी ठेवावी लागली. निष्ठा मोजायला कोण बसणार, देव जाणे.)

"बाबा, लिव्हरपूलच्या लोकांनी काय केलं माहितीये?" हे मला माहीत होतं, पण ऐकलं. फेब्रुवारी २०१६मध्ये तिथे पुढच्या हंगामासाठी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं. संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. लिव्हरपूल २-० पुढे होता. माणसं बाहेर पडली आणि सामना २-२ झाला. आठवड्याच्या आत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांचं तिकीट ३० पौंडांवर रोखलं.

मी विचार करत होतो, आपल्याकडे हे जमेल का? मुळीच नाही. पुणेकराने तिकिटाला ७७ रुपये जरी मोजले असतील तरी तो ७७व्या मिनिटाला उठणार नाही. तो दिवे मालवेपर्यंत बसेल, रखवालदार हाकलायला आला की खुर्ची नीट मिटून ठेवेल, आणि मग आठ दिवस वर्तमानपत्राला पत्र लिहील.

मडगावला पाडव्याचा दिवस उन्हात काढला. संध्याकाळी फाटकावर नवी अडचण. आत खाण्याचं काही नेता येणार नाही. आमच्याकडे फराळाचा स्टीलचा डबा, झाकणावर बायकोच्या आईचं नाव कोरलेला. चकल्या, शंकरपाळे, आणि तळाशी चार लाडू. मी तिथल्या पोलिसांना शंकरपाळे वाटले. त्यांनी ते आवडीने खाल्ले, "दिवाळी बरी जांव" म्हणाले आणि डबा आत जाणार नाही हेही सांगितलं. रोनाल्डो गेला तर गेला, पण तो डबा गेला असता तर मला कोल्हापुरात उतरता आलं नसतं. शेवटी रस्त्यापलीकडच्या रॉस ऑम्लेटच्या गाड्यावर दोन प्लेटा खाऊन डबा तिथे ठेवला. पूर्वार्धभर माझा एक डोळा मैदानावर आणि एक डोळा त्या दिशेच्या भिंतीवर होता.

अल नासरने अर्ध्या तासाच्या आत दोन गोल केले. चिरंजिवांनी जर्सी शेवटी घातली होती, पण नुसता बसून होता. आणि मध्यंतराच्या थोडं आधी ब्रायसन फर्नांडिसने, गोव्याच्याच पोराने, गोल केला. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. समोर अख्खा स्टँड नारिंगी होऊन उभा राहिला, मीही उभा, आणि माझ्या शेजारी पिवळ्या सात नंबरच्या जर्सीतलं आमचं पोरगं अल नासरविरुद्धच्या गोलवर घसा फुटेपर्यंत ओरडत होतं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

"बाबा, तूं कोणाचो?"

चिरंजिवांनी जर्सीकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं. "आजच्यापुरता तुमचा," म्हणाला.

१-२ हरलो. आम्ही शेवटपर्यंत बसलो. डबा मिळाला, घासूनपुसून. लाडू मात्र तीनच होते. ठेवणावळ म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला दुपारी कोल्हापूर गाठलं. बायको दारातच होती.

"डबा?"

"आणला."

चेहरा जरा सैल झाला. सासरे झोपाळ्यावर पेपर घेऊन बसले होते. त्यांनी नातवाला शेजारी ओढलं आणि ब्रायसनचा गोल तीनदा पायाने करून दाखवायला लावला. मेव्हण्याचं ओवाळून झाल्यावर तिने तबक माझ्याकडे वळवलं. कालचा उधार पाडवा. मी पाटावर बसलो. खिशात पाकीट तयार होतं, निम्म्या तिकिटाच्या हिशोबाने भरलेलं. ते तबकात ठेवलं. तिने तिथल्या तिथे उघडून मोजलं.

"आपलं ठरलं होतं, तिकिटांएवढी ओवाळणी."

"तेवढीच आहे की. मी तुला सांगितलं होतं ना आकडा..."

"ओटीपीच्या मेसेजात रक्कम असते अहो. ऑगस्टात रोनाल्डो येणार म्हणून नाचत होतात तेव्हापासून तुमचं सगळं बघतेय मी."

झोपाळा थांबला. सासऱ्यांनी पेपर खाली घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सांगितलेला आकडा त्यांच्या लक्षात होता.

"बरं," मी म्हणालो, "दोन तिकिटांचे पूर्ण."

"सुविधा शुल्क धरून," ती म्हणाली आणि निरांजन उचललं.