बाटली हलली नव्हती हो! (गशिंगच्या, म्हणजे बिअर उघडताच उसळून बाहेर येण्याच्या, पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, उशिरा उत्तर देतोय, सॉरी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की झाकण काढताच बिअर कारंज्यासारखी उडाली तर बाटली हललेली असते नाहीतर साखर जास्त पडलेली असते, बुरशीच्या प्रोटीनमुळे ती उडते हे मी उगाच घुसडलं, बनवताना तासभर उकळल्यावर कुठलं प्रोटीन टिकतंय.

साखरेचं मान्य. घरी बनवणाऱ्यांकडे बऱ्याचदा तीच भानगड असते, ते मी लिहायला हवं होतं.

पण उकळण्याचं तुम्ही अंड्यावरून ठरवलंत. हायड्रोफोबिन, म्हणजे तेच बुरशीचं प्रोटीन, ही वेगळीच चीज आहे. ट्रायकोडर्मा बुरशीचं एचएफबी-२ घ्या, जेमतेम ७१ अमिनो आम्लं, त्यातली आठ सिस्टीन नावाची, त्यांच्या जोड्या जुळून चार गाठी अशा आवळलेल्या की उकळून काढलं तरी घडी मोडत नाही. त्याच्या एका अंगाला पाण्याचं वावडं, म्हणून ते गॅसच्या बारक्या बुडबुड्यांना चिकटून बसतं, मग ते बुडबुडे विरघळत नाहीत, दबा धरून राहतात आणि झाकण काढून प्रेशर गेलं की सगळे एकदम फुगतात. फिनलंडच्या व्हीटीटी या संशोधन संस्थेवाल्यांनी २००५ मध्ये दाखवलं की लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम एचएफबी-२ सुद्धा बिअर उडवायला पुरतं. चिमूटभर पण नाही हो!

आणि हलवण्याचं म्हणाल तर लॅबवाले मुद्दाम हलवतात. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) अर्क उकळून सोडा वॉटरच्या बाटलीत भरायचा, तीन दिवस मशीनवर हलवायचा, दहा मिनिटं थांबायचं, तीनदा उलटीसुलटी करून उघडायचं आणि किती सांडलं ते वजन करून बघायचं. हलवणं सगळ्यांना सारखंच, फरक पडतो तो माल्टमुळे.

"आधी प्रोटीन फेसाला चांगलं म्हणालात, आता वाईट" हा टोमणा मात्र आवडला :) पण ग्लासातला फेस धरून ठेवणारी एलटीपी-१, प्रोटीन झेड ही प्रोटीनं बार्लीची स्वतःची, आणि हे हायड्रोफोबिन आगंतुक, फ्युझेरियमसारख्या बुरशीचं, ओंब्या फुलोऱ्यात असताना पाऊस लागला की येणारं.

माझी बाटली आठ दिवस फ्रीजमध्ये उभीच होती, तरी निम्मी ओट्यावर आणि थोडी छताला. नंतर उरलेलं माल्ट पांढऱ्या कागदावर पसरलं तर मधेमधे गुलाबी-लालसर दाणे, म्हणजे बुरशीची खूण, गोणी सरळ फेकली. जर्मनीत माल्ट घेताना २०० ग्रॅममध्ये असे लाल दाणे किती ते मोजतात, मी आळस केला. तुमची उडाली ती कुठल्या माल्टची होती? मूठभर उरलं असेल तर पसरून बघा आणि इथेच फोटो टाका.